मधला गंधार

मार्सेय, ९ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

फोनवर आपण दोघी एकदम बोलायला लागतो आणि मग दोघी एकदम गप्प बसतो. म्हणून तू म्हणालीस तसं पत्रच लिहिते. तू मात्र हातानं लिही आणि फोटो पाठव. तुझं कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर पाहिलं की मला घोडेगावच्या घराचा वास येतो.

आता काम सांगते. दिवाळीत आले होते तेव्हा ठकूबाई तुझ्या मागच्या अंगणात जात्यावर नाचणी दळत होती. ते गाणं मी फोनवर पाऊण मिनिट टिपून घेतलं होतं. परवा तालीम संपल्यावर चहा पिताना सहज सगळ्यांना ऐकवलं. हमादीनं कप खाली ठेवला आणि तेवढंच अकरा वेळा लावलं. हमादी आमच्या गटाचा म्होरक्या, ट्युनिशियाचा. ऊद वाजवतो. ते आपल्या सारंगीसारखंच बिनपडद्यांचं वाद्य, फक्त छेडून वाजवायचं. त्याच्या आजीची वाळवंटाकाठची गाणी तो गातो आणि आम्ही बाकीचे, म्हणजे योहानचा सॅक्सोफोन, ढोल आणि माझा पियानो, त्याभोवती जॅझ वाजवतो. अरबी गाणं आणि जॅझ यांचं लग्न लावायचा हा उद्योग तीन वर्षं चालू आहे आणि खरं सांगायचं तर संसार माझ्यापाशी येऊन अडतो. पियानो त्याच्या गाण्यात मावत नाही, असं हमादी म्हणतो. माझ्या जागी कानून वाजवणारा एक माणूस घ्यायचं त्याच्या मनात आहे. कानून म्हणजे आपल्या स्वरमंडळाचा थोरला भाऊ.

पण ठकूबाईला ऐकून तो मला म्हणाला, "माझी आजी तुमच्या गावात कधी जाऊन आली? हिच्याभोवती तू एक रचना बांध. ती जमली तर पियानो राहील." आत्या, माझी इथली जागा ठकूबाईच्या गळ्यात आहे!

अठरा ते वीस मार्चला ध्वनिमुद्रण आहे. पूर्ण गाणं हवं आणि स्वच्छ हवं. माझ्या तुकड्यात पहिली ओळ तेवढी नीट आहे. दुसऱ्यांदा 'माय' येतं तिथे तुझा आवाज येतो, "सूर, ठकूबाई, सूर!" आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी. सगळे हसले. हमादीनं विचारलं, या बाई कोण? म्हटलं, माझ्या गुरू.

फेब्रुवारीअखेरपर्यंत जमेल? फक्त तिच्या गंधाराकडे लक्ष दे. 'माय' शब्दावर येतो तो. सगळं त्याच्यावर आहे.

तुझी
आरती


घोडेगाव, १७ जानेवारी

आरती, बाळा,

तुझं पत्र फोनवर वाचलं आणि मग झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणलं. पत्र हातात धरल्याशिवाय मला आल्यासारखं वाटत नाही.

ठकूबाईचं गाणं समुद्रापार वाजलं, हे मी बाजारच्या दिवशी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तितल्या लोकांचं दळान झालं का?" अशी आहे ती. डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतून एसटीनं येते. उन्हाळ्यात हिरडा आणते, इतर वेळी नाचणी, कधी करवंदं. शेवटची गाडी चुकली की माझ्या पडवीत झोपते. गिरणीचं पीठ "भाजल्यावानी लागतं" म्हणून माझ्या आईच्या जात्यावर दळते. तुझी आजी प्रयागबाई निरगुडसरहून माझ्याकडे राहायला आली तेव्हा एवढं एकच जातं सोबत घेऊन आली होती. बाकी सगळं अमृतला, तुझ्या बाबाला, देऊन आली.

तू गंधाराचं लिहिलंस आणि मला सिस्टर उर्सुला आठवल्या. पुण्याच्या कॉन्व्हेंटात मी नऊ वर्षांची गेले तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. रात्री उशीत तोंड खुपसून आईची गाणी म्हणायची. एकदा सिस्टरनी ऐकलं. रागावल्या नाहीत. मला पियानोपाशी नेलं, काळी पट्टी दाबली, मग शेजारची पांढरी दाबली आणि म्हणाल्या, "मुली, तुझा सूर यातला कुठला? काळा की पांढरा? मधे फट आहे. फटीत फक्त धूळ असते." मग त्यांनी रुमालाच्या टोकानं खरंच त्या फटीतली धूळ काढून मला दाखवली. किती हसले होते मी! घर सोडल्यानंतर पहिल्यांदा. त्या रुमालाला लॅव्हेंडरचा वास होता. पुढे तेहतीस वर्षं घोडेगावच्या पोरींना मी तेच सांगून शिकवलं, आणि तुलाही.

तेव्हा तू निर्धास्त राहा. ठकूबाईच्या गंधाराचं मला पहिल्यापासून ठाऊक आहे. लक्ष देते. तुझ्या लोकांसमोर आपलं नाव खाली जाणार नाही.

बाबाला फोन करत जा. तो विचारत नाही, पण वाट बघतो.

आत्या


मार्सेय, २५ जानेवारी

प्रिय आत्या,

तुला पहिल्यापासून ठाऊक होतं! मी हमादीला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग बाई नुसत्या गुरू नाहीत, जाणकार आहेत." तुला त्यानं सलाम सांगितलाय, छातीवर हात ठेवून.

रचना लिहायला घेतली आहे. नाव 'माय'. आधी ठकूबाईचं जातं, नुसती घरघर. मग तिची पहिली ओळ,

पिंपळाचं पान हाले, वारा नसतानी
माझी माय हाक मारी, दारी नसतानी

आणि 'माय' आलं की आम्ही सगळ्यांनी थांबायचं. दुसऱ्या वेळी योहान सॅक्सोफोनवर हळूच तोच सूर धरणार. तिसऱ्या वेळी ऊद. पियानो त्या सुरावर कधीच यायचा नाही. मी नुसते हात मांडीवर ठेवून बसणार. योहान म्हणतो, पियानोवाल्यानं न वाजवण्यासाठी लिहिलेली ही पहिली रचना. पण त्या सुराच्या अलीकडे आणि पलीकडे सगळं माझं आहे, आत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कळलंय की मी या लोकांत कुठे बसायचं.

ठकूबाईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, दळण चालू आहे.

तुझी
आरती


घोडेगाव, २४ फेब्रुवारी

आरती, बाळा,

गाणं सोबत पाठवते आहे. आधी दार लाव, गरम चहा घे आणि मग ऐक.

उशीर झाला, पण त्याला कारण आहे. एका बैठकीत होण्यासारखं हे काम नव्हतं. ठकूबाई पाच बाजार माझ्याकडे थांबली. दोनदा तर मुद्दाम गाडी चुकवली आणि सुनेला निरोप धाडला, "म्हनावं सासू साळंत गेलीया." साठीच्या पुढची बाई, पण पहिलीतल्या मुलीसारखी मांडी घालून समोर बसायची. मेहनत बरीच घेतली तिनं. आम्ही दोघींनीही. पंखा बंद केला, कुकर लावला नाही, शेजारच्या कुशाबांना मोटर बंद ठेवायला सांगितली. आठही ओव्या आहेत.

शेवटची ओवी झाली आणि ती म्हणाली, "बाई, माज्या आईनं आयकलं असतं तर वळखलं नसतं मला." आम्ही दोघी रडलो. मला वाटलं, सिस्टर उर्सुला असत्या तर उठून उभ्या राहिल्या असत्या.

हमादींना माझा नमस्कार. जाणकार म्हणाले हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ती ओळ कागदावर चार वेळा वाचली.

आत्या


मार्सेय, २७ फेब्रुवारी

आत्या,

ही ठकूबाईच आहे ना?

आवाज तिचाच वाटतो. शब्द तेच आहेत. पण 'माय' वर तो सूर नाही. आठही ओव्यांत नाही. तिथे सरळ शुद्ध गंधार आहे, शाळेच्या प्रार्थनेत असतो तसा. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हमादीनं विचारलं, ही तिची मुलगी आहे का?

कदाचित मीच नीट लिहिलं नव्हतं, म्हणून आता लिहिते. त्या दिवाळीच्या तुकड्यात ठकूबाई 'माय' म्हणते तेव्हा तिचा गंधार कोमल नसतो आणि शुद्धही नसतो. दोघांच्या मधे असतो. अरबी गाण्यात या सुराला नाव आहे, सिकाह. हमादीच्या आजीची अर्धी गाणी त्यावर उभी आहेत. आणि गंमत म्हणजे जॅझही त्याच जागेवर उभं आहे. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत राबणारी काळी माणसं तिथेच गायची. पुढे वाजवणाऱ्यांना पियानोवर तो सूर सापडेना, म्हणून ते काळी आणि पांढरी पट्टी एकदम दाबायला लागले. मीही तेच करते. हमादी म्हणतो, "मधल्या घरात कोण राहतं विचारलं, तर तू दोन्ही शेजाऱ्यांची नावं सांगतेस."

ठकूबाई मधल्या घरात राहते, आत्या. म्हणून तर ती हवी होती.

तिची तब्येत बरी नव्हती का? पुन्हा एकदा, जात्यावर बसवून, नेहमीसारखं गायला सांगशील? अजून तीन आठवडे आहेत.

आरती


घोडेगाव, ४ मार्च

आरती, बाळा,

तुझं पत्र नीट वाचलं. ठकूबाईला त्या आठवड्यात सर्दी होती. सर्दीत गळा ताठ होतो, तुला माहीत आहे. शिवाय पुढचा एक दात तिनं काढून घेतला आहे, त्यानंही उच्चारात फरक पडतो. वयही झालं. मी पुन्हा प्रयत्न करते.

पण एक विचारू? तू लिहितेस ते मी समजले, आणि जगात अशी गाणी असतील, आहेत. पण ज्या बाईला सूर लावताच येत नाही तिचा सूर आणि जो मुद्दाम मधे लावतो त्याचा सूर, यात काही फरक आहे की नाही? ठकूबाईला काय माहीत सिकाह? ती घसरते. तुम्ही लोक तिच्या घसरण्यावर टाळ्या वाजवणार, आणि तिला वाटणार आपण छान गायलो. मला ते बरं वाटत नाही. गरीब बाईची चूक गोऱ्या लोकांना गोड लागते, एवढंच असू नये.

हे मी रागानं लिहिलेलं नाही. ऊन फार आहे आणि झोप नीट होत नाही.

आत्या


मार्सेय, २२ मार्च

आत्या,

ध्वनिमुद्रण झालं. 'माय' नाही घेतली.

तुझ्या गाण्याची अठरा तारखेपर्यंत वाट पाहिली. मग दिवाळीचा तुकडा वापरायचा प्रयत्न केला. त्यातलं पहिलं 'माय' तेवढं कामाचं आहे. दुसऱ्यावर तू आहेस. माझ्यापाशी एकूण चार सेकंदं आहेत. हमादीनं ती कानाशी धरून ऐकली आणि फोन माझ्या हातात परत दिला, मेलेल्या माणसाचं घड्याळ परत देतात तसा. काल कानूनवाला आला. चांगला माणूस आहे. माझ्या खुर्चीची उंची बदलून बसला. मला त्यांनी जा म्हटलं नाही. पुढच्या दौऱ्याच्या यादीत माझं नाव नव्हतं, एवढंच.

आता तुला विचारते. कालपासून तुझं ते आठ ओव्यांचं गाणं मी कानात इअरफोन घालून ऐकते आहे. शेवटी ठकूबाई थांबते, आणि तुझा फोन बंद होण्याआधी एक आवाज येतो. सुस्कारा टाकल्यासारखा. तो कुणाचा आहे ते मला कळायला एक दिवस लागला, कारण लहानपणी दर शनिवारी तास संपला की तो आवाज यायचा आणि मी चपला घालायला पळायची. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आहे तो.

जात्यावरच्या ओवीला पेटी कशाला, आत्या?

सर्दी नव्हती. दातही काढला नाही. बाबा गेल्या आठवड्यात घोडेगावला तहसीलमध्ये आला होता, त्याला ठकूबाई स्टँडवर भेटली. तो म्हणाला, सगळे दात दाखवून हसत होती, आणि बाईंनी मला गाणं शिकवलं म्हणून सगळ्या स्टँडला सांगत होती.

तू तिला शिकवलंस.

हमादी एकदा मला म्हणाला होता, तुझ्या कानाला कुणीतरी लहानपणीच कुंपण घातलंय. मी तेव्हा भांडले होते, म्हटलं, माझ्या आत्यासारखा सुरेल माणूस तालुक्यात नाही. मी निरगुडसरहून नऊ वर्षांची तुझ्याकडे आले तेव्हा मी कसं गायची, तुला आठवतं का? मला आठवत नाही. ते मला कुणाकडून परत मागता येईल?

गरीब बाईची चूक गोऱ्या लोकांना गोड लागते, असं तू लिहिलंस. हमादी गोरा नाही. आणि त्याच्या आजीला शाळेत घालायला कुणी बाई नव्हत्या, म्हणून ती वाचली.

आरती


घोडेगाव, २ एप्रिल

आरती,

या पत्राचा फोटो काढणार नाही. पोस्टानं पाठवते. महिना लागला तर लागू दे, तेवढा वेळ तुला माझ्यापासून सुट्टी.

हो. शिकवलं.

तू 'गंधाराकडे लक्ष दे' असं लिहिलं होतंस. मास्तरणीला लक्ष दे म्हटलं की तिला एकच कळतं. तेहतीस वर्षं पालक येऊन मला तेच सांगत आले, बाई, आमच्या पोरीकडे जरा लक्ष द्या. म्हणजे तिचं चुकतंय, ते काढा. मला वाटलं, तुझ्या परदेशातल्या लोकांनाही ते खटकलं आणि तू मोठ्या मनानं मला सांगते आहेस. किती अभिमान वाटला मला तुझा.

पाच बाजार मी तिला पेटीसमोर बसवलं. ती म्हणायची, "बाई, माय म्हंताना गळा आपसूक वाकतो." मी म्हणायची, "वाकू द्यायचा नाही." ती म्हणायची, "आईला हाक मारायची म्हंजे सरळ कशी मारायची वो?" मी काळी पट्टी दाबली, पांढरी दाबली, आणि म्हटलं, "ठकूबाई, मधे फट आहे. फटीत फक्त धूळ असते." तिनं वाकून फटीत पाहिलं. म्हणाली, "हाय की वो धूळ." आणि पदरानं पुसली.

चौथ्या बाजारी तिला जमलं. मी टाळ्या वाजवल्या.

तुझं सत्तावीस फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. तरी सर्दी लिहिली, दात लिहिला, आणि गरीब बाईबद्दल जे लिहिलं ते तर सर्वांत वाईट, कारण ते लिहिताना मला माझं खरं वाटत होतं.

मी नऊ मार्चला तिच्या वाडीवर गेले होते. तुला कळवलं नाही. जमलं असतं तर कळवणार होते. घोडेगावहून सकाळची गाडी, पुढे ओढ्याच्या अंगानं दोन मैल चाल. ठकूबाई दारातच होती. "आवं बाई! येवड्या उनात? काय सांगावा धाडायचा व्हता!" तिनं घोंगडं टाकलं, गूळ-पाणी दिलं. सून गोजरबाई चुलीशी होती. ती म्हणाली, "तुमच्या शाळंमुळं आमची सासू आता कुनाला बोलून देत न्हाई, निस्ती गाती." "तू गप," ठकूबाई म्हणाली, "तुला तरी कुठं येत व्हतं नीट?"

मी म्हटलं, ठकूबाई, जात्यावर बस आणि गा. पण पहिल्यासारखं गा. मी शिकवायच्या आधी गायचीस तसं.

"पयल्यावानी? ते तर चुकीचं व्हतं."

"चुकीचं असू दे. तसंच गा."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले. मग एकदम हसायला लागली आणि सुनेला म्हणाली, "बगितलं का? परीक्षा घ्यायला आल्यात बाई! मुद्दाम चुकीचं गा म्हंत्यात, बगू ठकी फसती का."

आरती, मी तिला किती सांगितलं. परीक्षा नाही म्हटलं. शपथ घातली. म्हटलं, तेच बरोबर होतं, मीच चुकले. ती आणखीच हसली. बाई चुकतील का कधी? ती जात्यावर बसली, खुंटा धरला आणि गायला लागली. 'माय' वर आली की मान ताठ करून, माझ्याकडे बघत, सरळ पांढऱ्या पट्टीवर. प्रत्येक वेळी. आठही ओव्या. माझ्या तोंडावर खूण शोधत होती, पोरी पाढा म्हणताना शोधतात तशी.

तेव्हा मला वाटलं, आपणच गाऊन दाखवावं. एकदा तिच्या कानावर पडलं तर गळा आपोआप वळेल. मी तोंड उघडलं. माझ्या आईचं गाणं आठवलं, निरगुडसरच्या विहिरीवरचं, त्यातही 'माय' होतं. कॉन्व्हेंटात ती मला भेटायला यायची तेव्हा भेटीच्या खोलीतल्या बाकावर बसून हळू गुणगुणायची, आणि मी तिचा हात दाबून म्हणायची, आई, इथं नको. दोन वर्षांनी तिनं माझ्यासमोर गाणं सोडलं. पुढे घोडेगावला येऊन माझ्या घरात अकरा वर्षं राहिली, त्या जात्यावर रोज बसली. नुसती दळायची.

मी गायले. माझा सूर पांढऱ्या पट्टीवर जाऊन बसला. पुन्हा गायले, मुद्दाम खाली ओढला, तर काळीवर गेला. मधे मला जाताच येईना. मी चार वेळा गायले असेन त्या ओसरीवर, सासष्ट वर्षांची बाई. गोजरबाई चुलीतलं लाकूड हातात धरून बघत राहिली. ठकूबाई मात्र मान डोलवत होती. तिला वाटलं, मी तिला साथ देते आहे.

मग ती म्हणाली, "थांबा, एक गंमत दावते." तिनं नातीला हाक मारली. समृद्धी, आठ वर्षांची, नाकात नवी चमकी. गोजरबाईही पदराला हात पुसून शेजारी बसली. ठकूबाईनं खुंटा धरला, आणि तिघी मिळून गायल्या.

पिंपळाचं पान हाले, वारा नसतानी. माझी माय हाक मारी, दारी नसतानी.

तिघींचाही गंधार शुद्ध. एका रेषेत. तेहतीस वर्षांत माझ्या एका वर्गाला इतका सुरेल जमला नव्हता. "बाईंनी मला शिकवलं, म्या ह्यांना शिकवलं," ठकूबाई म्हणाली. "आता ह्या घरात कुनी चुकायचं न्हाई."

तुझ्याकडे चार सेकंदं आहेत असं तू लिहिलंस. सांभाळून ठेव. मला पाठवू नकोस. मी ऐकलं तर माझ्या तोंडून काय निघेल, ते त्या तुकड्यात पुढे आहेच.

ठकूबाईनं जातं थांबवलं, कपाळाचा घाम पुसला आणि मला विचारलं,

"आता बराबर ना, बाई?"

मी म्हटलं, "बरोबर."

आत्या